श्रीनगरात नेलेली तीन धोतरं

साल दोन हजार चोवीस. माझं वय तेव्हा शहात्तर, आणि आधार कार्डावर त्र्याहत्तर. हा तीन वर्षांचा फरक शाळेतल्या मास्तरांनी केला, मी नाही. माझी शाळाच चौथीत सुटली, म्हणून तो दुरुस्त करायचा राहून गेला. तर शहात्तराव्या वर्षी मी काश्मिरात जाऊन आलो, ऐन हिवाळ्यात, धोतरावर. बरोबर आलेले आमचे व्याही आता गावोगाव त्याच्या गोष्टी सांगत सुटलेत आणि प्रत्येक गावात गोष्ट वेगळी होते. म्हणून जे घडलं ते मीच लिहून ठेवतो. जे तिकडं गेले नाहीत त्यांनी हे खरं धरावं.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, आटपाडीच्या अंगाला. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड. इकडची पोरं दोन पिढ्या गलाईच्या धंद्याला बाहेर पडली. सोनार जुने मोडके दागिने आणून देतात, आमची पोरं ते भट्टीत आटवतात, तेजाबात धुतात आणि चोख सोनं वेगळं काढून देतात. कुठल्याही मोठ्या शहरात सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात जा, आमच्याकडचा एखादा बनियनवर भट्टीपुढं बसलेला दिसेल. माझा संपत श्रीनगरला बसलाय, बारा वर्षं झाली.

सून स्वाती सातारा जिल्ह्यातली, वडूजकडची. तिचे वडील फौजेतनं हवालदार होऊन आलेले. सगळे त्यांना हवालदार म्हणतात. मी त्यांना पाव्हणं म्हणतो आणि तेही मला पाव्हणंच म्हणतात.

स्वातीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी सातव्या महिन्यात प्रवास बंद केला. मग विहीणबाई तिकडं जाऊन राहिल्या आणि डिसेंबरात मुलगी झाली. माझ्या घरच्या बाईचे गुडघे जिना चढू देत नाहीत, तिथं काश्मीर कुठलं चढणार. ठरलं असं की बारशाला मी आणि हवालदार जायचं.

ते तिकिटाचं ठरवायला आमच्या गावी आले. सकाळची वेळ, डेअरीवर दुधाची रांग. तिथंच उभे राहून म्हणाले, "पाव्हणं, म्या फौजंत बर्फात दीस काढल्यात. तिथं धोतर चालत न्हाई. आतनं लोकरीची विजार, वरनं जाड पॅन्ट. थंडी मांडीतनं शिरती अन् डोस्क्यात जाती."

"माझ्या डोस्क्यात जायाची न्हाई," मी म्हणालो.

"त्ये खरं हाय," माप घालणारा डेअरीचा सेक्रेटरी म्हणाला, "आबांच्या डोस्क्यात आजवर काय गेलंय का?"

रांग हसली. माझ्या हातात किटली होती ती मी खाली ठेवली. म्हणालो, "ऐका समदी. तिथं कमरंखाली धोतराबिगर दुसरं काय बी घातलं, तर ही मिशी ठेवायचो न्हाई."

हे साधं बोलणं नव्हतं. माझी मिशी जन्मात एकदाच उतरली आहे, वडील गेले त्या दिवशी. आमच्याकडं मिशी उतरलेला म्हातारा दिसला की लोक आधी विचारतात, कोण गेलं. बोलून गेल्यावर मलाही जरा गार वाटलं. पण डेअरीवर दहा-बारा माणसं होती, आणि बोललेलं परत किटलीत भरता येत नाही.

थंडीचा अनुभव मला नव्हता असं कुणी समजू नये. पौषात जोंधळा राखायला माळावर झोपलोय, शेकोटीच्या राखेत पाय घालून. महाबळेश्वरला एकदा कामाला गेलो होतो तेव्हा पहाटे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर गोठलेलं दव बघितलं, पीठ चाळून टाकल्यासारखं. ते मी बोटानं चाटूनही बघितलं होतं. एवढ्या अनुभवावर मी निघालो. सामान म्हणजे तीन धोतरं, जतच्या मेंढराच्या लोकरीचं एक घोंगडं आणि बारशाच्या घुगऱ्यांसाठी घरचे गहू-हरभरे. हवालदारांनी लोखंडी ट्रंक घेतली. तिच्यात दोन लोकरीच्या विजारी होत्या, खाकी रंगाच्या, घोट्यापर्यंत. "एक माझी," ते मला दाखवून म्हणाले, "अन् एक तुमची. आज न्हाई म्हणशीला."

मिरजेपासून दिल्लीपर्यंत रेल्वेनं आणि पुढं विमानानं गेलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. विमानात सगळे झोपतात.

पोचलो तो दिवस

संपत गाडी घेऊन आला होता. गाडीच्या काचेतनं मी शहर बघत होतो आणि मला एक गोष्ट कळेना. रस्त्यानं चालणाऱ्या एकाही माणसाला हात नव्हते, आणि सगळ्यांची पोटं सुटलेली. पोरांची, बायकांची, हाडकुळ्या म्हाताऱ्यांचीसुद्धा. एवढी खाती-पिती वस्ती मी पाहिली नव्हती.

"संपत, ह्यांचं हात कुठं हायती?"

"आत हायती, आबा. फेरन म्हनत्यात त्याला. आपल्या लहान पोराच्या झबल्यासारखं असतंय, गुडघ्यापतुर. बाह्यांतनं हात आत घ्यायचं अन् पोटाशी निखाऱ्याचं मडकं धरायचं. त्याला कांगडी म्हनत्यात."

म्हणजे ती पोटं नव्हती, शेगड्या होत्या. अख्खं शहर पोटाला शेगडी लावून बाजारहाट करत होतं.

घरमालकाला सगळे हाजीसाब म्हणत. त्यांनी दारातच मला वय विचारलं. मी शहात्तर सांगितलं. ते म्हणाले, "मैं अस्सी का." मी थोडं मागं सरकून त्यांना वाट दिली, कारण वडीलकीचा मान वडीलकीला. पण पुढं सगळे दिवस ते माझ्याकडं पोरग्याकडं बघावं तसं बघायचे, आणि ते मला सोसत नव्हतं.

ह्या हाजीसाबांनी एक मोठी गोष्ट केली होती. त्यांच्या घरात हमाम म्हणून एक खोली आहे. तिची फरशी जाड दगडाची, आणि फरशीखाली पोकळी. तिथं बाहेरून लाकडं पेटवायची की वरची सगळी जमीन तापते. ती खोली त्यांनी स्वातीला आणि बाळाला दिली होती आणि स्वतः वरच्या गार खोलीत जाऊन झोपत होते.

आपल्याकडं बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, ओव्याची धुरी देतात, दाराला पडदा लावतात, कान बांधतात. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, हा पहिला नियम. इथं तर सगळी खोलीच शेगडीवर ठेवलेली. मी हात पाय धुऊन आत गेलो. नात बघितली. पाच दिवसांची, वांग्याएवढी, कपाळाला आठी घालून झोपलेली. "आठी तुमचीच हाय, मामा," स्वाती म्हणाली. सून मला मामा म्हणते. मी माझं घोंगडं तिथंच पोरीखाली अंथरायला दिलं. आपल्या मातीतल्या मेंढराची लोकर पहिल्यांदा अंगाला लागावी. तेवढ्यात तळव्याला चटका बसला आणि मी तव्यावरच्या भाकरीसारखा उलटलो.

आता घोंगडं गेलं म्हटल्यावर मला थंडी वाजायची. पण शपथ कमरेखालची होती. कमरेच्या वर शपथ नव्हती. म्हणून मी संपतचे तीन स्वेटर, एक जाकीट, मफलर आणि कानटोपी चढवली. वरनं बुजगावणं आणि खालनं दोन उघड्या पिंढऱ्या. हवालदार म्हणाले, "पाव्हणं, हे कायद्यात बसतंय का?"

"डेअरीवर तुमी होतासा. आठवा काय बोललो त्ये."

त्यांनी आठवलं आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

पाण्याची गोष्ट

सकाळी उठून नळ सोडला तर नळ मुका. पाण्याचा टिपूस नाही. मला वाटलं इथंही टँकर येत असणार, घागर घेऊन रांगेत उभं राहायला मी तयारच होतो, ती मला जन्माची सवय. बोळात आलो तर काय, घरोघरचे बापे नळाच्या पाइपाखाली कागद पेटवून बसलेले. कुणी पाइपावर गरम पाण्याची किटली ओततोय, कुणी फडकं गुंडाळून शेकतोय. न्हाणीतल्या पोराचं डोकं शेकावं तसं एक म्हातारा नळाच्या तोटीला चोळत होता. आमच्या भागात पाणी नाही म्हणून लोक बसून असतात. इथं पाणी आहे, पाइपातच आहे, दारात आहे, पण दगड होऊन बसलंय.

मीही बसलो. तासाभरानं नळ खोकला आणि पाणी आलं. बोळातल्या लोकांनी माझ्याकडं बघून माना हलवल्या. मला तिथलाच झाल्यासारखं वाटलं.

खाण्याचं म्हणाल तर पहाटे हरिसा नावाचा पदार्थ मिळतो. मटण आणि तांदूळ रात्रभर शिजवून घोटतात, इतकं की दात लावायचं काम राहत नाही. वरनं कढतं तेल. चव चांगली, पण तिखट नाही. मी खिशातनं घरची चटणी काढून घातली तर दुकानदार उठून उभा राहिला. त्याला चाखायला दिली. तो बराच वेळ फेरनच्या आत हात घालून कांगडी न घेता बसला. गुलाबी रंगाचा चहा असतो, तो खारट. पहिल्या दिवशी मी समजलो की हाजीसाबांच्या घरात साखर संपली आणि अब्रू राखायला त्यांनी मीठ घातलं. म्हणून मी काही न बोलता तीन कप प्यालो. त्यामुळे मला रोज तीन कप यायला लागले.

पोटमाळ्यावर दोऱ्यांना वांगी, भोपळा, टोमॅटो वाळत घातलेले. हे बघून मला घरची आठवण झाली. आपण गवारी, सांडगे वाळवतो ते उन्हाळ्यासाठी. ते वाळवतात हिवाळ्यासाठी. जगात कुणाचाही एक ऋतू उपाशीच असतो, एवढं मला तिथं समजलं.

पहिलं धोतर, दुसरं धोतर

तिसऱ्या दिवशी हाजीसाबांनी मला कांगडी दिली. वेताच्या टोपलीत मडकं, मडक्यात चिनाराच्या पानांचे निखारे. ती फेरनच्या आत धरतात, आणि आत हात मोकळे असतात म्हणून सावरता येते. मी फेरन घातलं नव्हतं. ते गुडघ्यापर्यंत येतं. मग ते कमरेच्या वरचं की खालचं, ह्यावर मी आणि हवालदार अर्धा दिवस भांडलो होतो.

"खांद्यावरनं लोंबतंय, म्हंजी वरचंच की," संपत म्हणाला.

"पर झाकतंय खालचं," हवालदार म्हणाले.

"मग मला नको," मी म्हणालो. ज्यात दोन मतं आहेत त्यात माझी मिशी मी घालणार नाही.

तर फेरनशिवाय कांगडी मी मांडीवर धोतराच्या सोग्यात धरून बसलो. ऊब आली, डोळा लागला. जाग आली ती हवालदारांच्या हाकेनं, "पाव्हणं, जळतंय." मी म्हणालो, "कुठं?" ते म्हणाले, "तुमीच." त्यांनी तांब्याभर पाणी मारलं. मला काही झालं नाही. धोतराला मात्र बैलगाडीच्या चाकाएवढं भोक पडलं.

दुसरं धोतर मी धुतलं आणि सुनेचं न ऐकता बाहेर दोरीवर टाकलं. कपडा उघड्यावरच वाळला पाहिजे, खोलीत वाळवलेल्याला वास येतो. चौथ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर धोतर पत्रा झालेलं. दोरीवरनं काढलं तरी त्याची घडी उतरेना. जमिनीवर ठेवलं तर ते आपलं आपण उभं राहिलं. मी उभा आणि माझ्यापुढं माझं धोतर उभं, आत कुणी नाही. बोळातले लोक बघायला जमले. एकानं फोनमध्ये फोटो काढला.

"आबा, आत आना, इरघळू द्या," संपत म्हणाला. पण लोक बघत होते. मी त्याला गुडघ्यावर घेऊन दुमडलं. ते कर्र वाजलं आणि मधोमध उललं. जुनं होतं, पण मोडेल असं वाटलं नव्हतं. कापड मोडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

हवालदारांनी ट्रंक उघडली आणि विजारीची घडी माझ्या उशाशी ठेवली. त्याच दुपारी फौजेत बर्फावर कसं चालतात ते मला दाखवायला म्हणून, सांडलेल्या पाण्याचं बर्फ झालेल्या बोळात उतरले. "पाय उचलायचा न्हाई, बदकावानी सरकायचं," असं म्हणाले आणि सरकत सरकत थेट गल्लीच्या टोकाला असलेल्या नानबाईच्या, म्हणजे रोट्या भाजणाऱ्याच्या, दुकानात गेले, बसूनच. रोट्या घेऊन परत आले, म्हणजे त्यासाठीच गेले होते असं वाटावं.

"ही कवायत मला जमायची न्हाई, पाव्हणं," मी म्हणालो.

एकच धोतर उरलं होतं आणि बारशाला चार दिवस होते. मी हिशेबानं राहायला लागलो. बाहेर कमी, बसणं जास्त.

सातवा दिवस, बारशाच्या आदल्या दिवशी

दोन दिवस बर्फ पडत होतं. पडताना आवाज होत नाही, हे मला सगळ्यात वेगळं वाटलं. आपल्याकडं आभाळातनं काहीही पडलं तरी ते सांगून पडतं. सकाळी बघतो तर कुंपण नाही, पायरी नाही, संपतची मोटारसायकल नाही, नुसते गोल गोल उंचवटे. अंगणात लाकूडफाट्याची पत्र्याची बुटकी शेड होती, तिच्यावर कमरेएवढं बर्फ साचलेलं. वजनानं पत्रा वाकला होता.

हाजीसाब शिडी लावून वर चढले. ऐंशी वर्षांचा माणूस, हातात लाकडी फावडं. संपत दुकानात गेला होता. मी व्हरांड्यातनं बघत होतो. त्यांनी वरनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तुम अंदर बैठो, ठंड है."

तुम म्हणाले. मी शिडी चढलो.

अर्धी शेड आम्ही दोघांनी मोकळी केली. काम करताना थंडी राहत नाही. बांधावरचं काम असो की बर्फावरचं, फावडं सारखंच चालतं. मी हाजीसाबांच्या पुढं गेलो. ते म्हणाले, उधर मत जाओ. मी गेलो. तिथं पत्रा उतरता होता. पायाखालचं सगळं बर्फ एकदम एका अंगानं निघालं आणि मला घेऊन खाली गेलं.

लागलं काहीच नाही. खाली आधी टाकलेल्या बर्फाचा ढीग होता, त्यात छातीपर्यंत रुतलो. पण धोतराचा काष्टा पत्र्याच्या खिळ्याला अडकला होता. मी खाली आलो, धोतर वरच राहिलं. अंगावर तीन स्वेटर, जाकीट, मफलर, कानटोपी, आणि खाली लंगोट. वर धोतर फडफडत होतं.

त्याच वेळी फाटकातनं हाजीसाबांच्या घरच्या बायका उद्याच्या बारशाच्या तयारीला येत होत्या. मी ढिगात होतो तिथंच बसून राहिलो. बर्फ हेच तेवढं वस्त्र होतं.

हवालदार विजार घेऊन पळत आले. "घाला, पाव्हणं."

"धोतर काढा वरनं."

"हाजीसाबांचा हात पुरत न्हाई. शिडी सरकलीया. घाला, म्या कुनाला सांगत न्हाई."

"तुमी न्हाई सांगनार. पर मला ठावं असंल न्हवं."

"पाय जातील आवं. काळं पडत्यात पाय."

"जाऊ द्यात. शहात्तर वरसं वापरल्यात."

आत्तापर्यंत पायांना मुंग्या येत होत्या, त्याही बंद झाल्या. हाजीसाब वरनं काहीतरी ओरडत होते. विहीणबाई दारातनं देवाचं नाव घेत होत्या. मी धोतराकडं बघत बसलो होतो. वारा आला तर ते सुटून खाली येईल, असा माझा विचार होता.

मग हमामचं दार उघडलं आणि स्वाती बाहेर आली. अकरा दिवसांची बाळंतीण. कानाला फडकं बांधलेलं, पायात नुसत्या रबरी सपाता. विहीणबाई मागनं ओढत होत्या. तिनं हात सोडवला, व्हरांड्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि बर्फात उभी राहिली.

"मामा, तुमी आत येत न्हाई तवर मी आत जात न्हाई."

"अगं पोरी, वारं लागतंय. आत जा."

"तुमी जवा याल तवा जाईन."

"बाळंतिणीनं असं करू नये."

"आजोबानं बी करू नये," ती म्हणाली. तिचे ओठ थरथरत होते आणि सपातांवर बर्फ चढायला लागलं होतं.

घरात बाळ रडायला लागलं. ती मागं वळून बघेना. कुठल्या घराण्यातनं सून आणली ते मला त्या दिवशी कळलं, आणि हवालदार माझ्याकडं असं बघत होते की हे घराणं त्यांचं आहे हेही कळावं.

मी हात पुढं केला. हवालदारांनी विजार दिली. ढिगात बसल्या बसल्या ती चढवली आणि उठलो. माझ्याआधी ती आत गेली. मी जाताना एकदाच मिशीवर हात फिरवला.

बारसं

संध्याकाळी पाय शेकून झाल्यावर मी संपतला म्हणालो, "वस्तरा हाय का?"

त्याला सगळं कळलं होतं. तो काही म्हणायच्या आत स्वाती आतनं म्हणाली, "मामा, उद्या बारसं हाय. पाळन्याजवळ मिशी उतरल्याला आजा बसवायचा व्हय? लोक काय समजतील? घरात सुतक हाय म्हनतील."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे मिशी हरलेली होती, पण एक दिवस तोंडावर ठेवायची होती. तिनं खिळ्यावरनं काढून आणलेलं धोतर शिवून दिलं. मी विजार काढून आतल्या दोरीला टाकली आणि बारशाला धोतरावरच बसलो. एकदा मोडलं म्हणून रोज मोडायचं नसतं.

बारसं चांगलं झालं. आमच्याकडची गलाईवाल्यांची पाच घरं आली, हाजीसाबांकडच्या बायकांनी त्यांच्या भाषेत गाणी म्हटली. घुगऱ्या त्यांना आवडल्या, त्यांनी मात्र दह्यात घालून खाल्ल्या. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या, म्हणजे माझी लेक, सांगलीत. म्हणून ती फोनवर. हवालदारांनी फोन बाळाच्या कानाशी धरला. नाव घेऊन आत्या 'कुर्र' करते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ही आपली रीत. आता आत्या सांगलीत, पाठ इथं कुठली? बायकांनी फोन धरणाऱ्याला घातले. काश्मिरी बायकांना रीत कळल्यावर त्यांनीही घातले, आणि त्यांचे हात जड होते. तेवढ्यात फोन अडकला. नाव कुणीच ऐकलं नव्हतं. परत लावला, परत कुर्र, परत धपाटे. चौथ्या खेपेला नाव कळलं, हिमानी. हवालदार तोवर भिंतीला टेकले होते.

पाहुणे गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. चेहरा उतरलेला. मला वाटलं पाठ दुखतीय.

"पाव्हणं, मिशी नका उतरवू," ते म्हणाले.

"का?"

"म्या फौजंत बर्फ बघितलंच न्हाई. नोकरी समदी राजस्थानात, नायतर अंबाल्याच्या डेपोत. गरम कपडं वाटायचं काम होतं. ह्या विजारी तिथल्याच. बर्फ बघितलं दोन दीस, ते बी ट्रकमदनं."

मी त्यांच्याकडं बघितलं. एवढे दिवस मी ज्याच्याशी इरेला पडलो होतो तो डेपोतला कारकून निघाला.

"मग ते बदकावानी चालनं?"

"दुसऱ्याकडनं ऐकल्यालं." ते हळू बोलत होते. "म्या खोटं बोललो म्हनून तुमी शपथ घेतली. तवा ती लागू होत न्हाई. सोडलं तुमाला."

"तुमी कोन सोडनारं? म्या बांधलं हुतं, माझं मला."

"कुनाला कळनार हाय?"

"विजारीला कळलंय," मी म्हणालो आणि कुशीवर वळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी

उजाडल्यावर बोळातल्या न्हाव्याकडं गेलो. तो बिहारचा होता, फेरन घालून कांगडीवर बसलेला. मी खुर्चीत बसलो आणि मिशी दाखवली.

"थोड़ी छाँट दें?"

"पूरी."

त्यानं साबण लावायचा थांबवला. बिहारातही रीत तीच असावी. "कोई गुज़र गया, बाबा?"

"नहीं. पोती हुई है."

त्यानं आरशातनं माझ्याकडं बघितलं आणि वस्तरा उघडला. वस्तरा गार होता. दोन मिनिटांचं काम. बाहेर आलो तर वरचा ओठ दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. सगळ्या शहराची थंडी त्या चार बोटांच्या जागेवर येऊन बसली.

घरी आलो. हवालदार दारात होते. त्यांनी तोंड बघितलं आणि मान खाली घातली.

"विजार द्या," मी म्हणालो.

"आं?"

"दोरीवर वाळत घातली हुती ती. अन् तुमच्या अंगात हाय ती बी."

"आता कशाला, पाव्हणं?"

"आता कशाला न्हाई? मिशी दिली न्हवं म्या? आता काय राखायचं राह्यलंय?"

"पर अंगातली…"

"डेपोतनं वाटत हुता न्हवं लोकांस्नी? वाटा की."

ते आत गेले, पॅन्ट काढून विजार काढली आणि आणून दिली. मी दोन्ही विजारी एकावर एक चढवल्या आणि नाड्या आवळल्या. नऊ दिवसांत पहिल्यांदा माझे गुडघे मला परत मिळाले. हवालदार पॅन्ट हातात धरून तसेच कुडकुडत उभे होते. मी विजारीवरचं तिसरं धोतर सोडलं, सुनेनं शिवलेलं, नीट घडी केली आणि त्यांच्या हातात दिलं.